दिवस आहे का गं अजून?

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक कागद चिकटवलेला असतो. दर वर्षी स्थानकातून नवा येतो, जुन्याच्या जागी लागतो. त्यावर वर्षभराच्या सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या वेळा. तुमच्याही घरी असेलच. सकाळी नवकारशीची 48 मिनिटं त्यावरून मोजायची, संध्याकाळी चौविहाराआधी ताटं कधी वाढायची तेही त्यावरूनच. लग्न होऊन बुऱ्हाणपूरला, बुधवाऱ्यातल्या या घरात आले, तेव्हापासून माझा दिवस त्या कागदावर चालला. गच्चीवर पापड टाकले, गव्हाला ऊन दिलं, गाद्या तापवल्या. गावाच्या अंगाला तापी वाहते, ती तर पुराणात सूर्याची लेक. सूर्याशी एवढा घरोबा, पण तीस वर्षांत मान वर करून त्याच्याकडे पाहिल्याचं काही मला आठवत नाही.

मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याची दुर्बीण माळ्यावर राहिली. 70 मिलिमीटरची, लांबुडकी, चंद्र बघायला घेतलेली. सणाला आला तेव्हा मी म्हटलं, ही कुणाला देऊन तरी टाक. तो हसून म्हणाला, "आई, तूच वापर की. रात्री तू लवकर झोपतेस, पण तुझ्या वेळेला सूर्य असतोच वर. त्याचे फोटो काढ." त्यानं थट्टा केली, मी मनावर घेतलं.

पहिल्यांदा शिकायचं होतं ते झाकणं. सूर्याचा फोटो काढायचा तर दुर्बिणीच्या तोंडावर चांदीच्या वर्खासारखी दिसणारी एक फिल्म बसवावी लागते. ती एक लाख भाग उजेडातला जेमतेम एक भाग आत सोडते. बाकीचा सगळा बाहेरच्या बाहेर परत. ही फिल्म पुढच्या तोंडावरच हवी, डोळ्याच्या बाजूला नको. पूर्वी काही दुर्बिणींबरोबर डोळ्याजवळ बसवायची काळी काच मिळायची. ती तापून मध्येच तडकू शकते, आणि मग आवरायला वेळ उरत नाही. बाजूची छोटी शोधक दुर्बीणही झाकायची. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, साधा गॉगल यांतलं काहीही चालत नाही. ग्रहणाच्या दिवशी मुलं असले उद्योग करतात म्हणून मुद्दाम सांगते. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळत नाही. तो भाजतो आणि आपल्याला पत्ताच लागत नाही.

सूर्य शोधतानाही त्याच्याकडे बघायचं नसतं. गच्चीवर पडलेल्या दुर्बिणीच्या सावलीकडे बघायचं. सावली आखडत आखडत अगदी लहान झाली की समजायचं, नळी सूर्याकडे वळली. मग कॅमेरा लावायचा. माझ्या दुर्बिणीतून कॅमेऱ्यावर पडणारं सूर्याचं बिंब जेमतेम साडेसहा मिलिमीटरचं, मेथीच्या दाण्याहून थोडंसं मोठं. हे काम सकाळी उरकावं लागतं. एकदा शेजारचे पत्रे आणि गच्च्या तापल्या की बिंब तव्यावरच्या हवेसारखं थरथरायला लागतं.

पहिल्या फोटोत पांढरी चकती आली आणि तिच्यावर दोन काळे ठिपके. मला वाटलं, भिंगावर धूळ असेल. पुसलं, पुन्हा काढला, ठिपके तसेच. दुसऱ्या दिवशी ते थोडे सरकलेले दिसले, तिसऱ्या दिवशी आणखी. सूर्य स्वतःभोवती फिरतो आणि त्याच्याबरोबर त्याचे डागही कडेकडे जातात हे शाळेत वाचलं होतं. पण आपल्या गच्चीवर, पापडाच्या खाटेशेजारी उभं राहून ते दिसलं, तेव्हा अंगावर काटा आला. मी त्या दिवसापासून वही घातली. मे 2024 मध्ये एक प्रचंड डाग आला होता, पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे पंधरापट लांबीचा. त्याच दिवसांत सूर्यावरून निघालेल्या वादळांमुळे लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला. माझ्या फोटोत तो डाग फोडणीत तडतडून पसरलेल्या मोहरीसारखा आला होता.

हे फोटो मी एकदा स्थानकात बायकांना मोबाईलवर दाखवले. कौतुक झालं, थट्टाही झाली. एक वयस्कर बाई मात्र बराच वेळ फोटोकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "लाखातला एकच भाग ठेवला म्हणतेस. एवढं झाकल्यावर मग खरं काय राहिलं गं त्यात?"

मी हसून काहीतरी उत्तर दिलं. पण घरी येताना पाय जड झाले. त्यांनी विचारलं होतं सूर्याबद्दल आणि मला आठवल्या माझ्या सासूबाई.

घरात सगळे त्यांना बाई म्हणत. कळायला लागल्यापासून त्यांनी रात्री पाण्याचा थेंब घेतला नव्हता. शेवटच्या वर्षांत नजर गेली. उजेड-अंधार एवढंच कळे, आणि खोलीत ट्यूबलाईट लागली की तेही कळेना. मग त्यांनी संध्याकाळ कानांनी ओळखायला सुरुवात केली. मशिदीत सूर्यास्ताची अजान झाली की त्या ताट बाजूला सारत. आमच्या बुऱ्हाणपुरात यात नवल काही नाही. इथल्या जामा मशिदीत भिंतीवर संस्कृत शिलालेख आहे. दिवस सगळ्यांचा एकच मावळतो. तरी अजानआधी चार-चारदा त्या मला विचारायच्या, "दिवस आहे का गं अजून?" मी दारामागच्या कागदावर बघून सांगायची. मी सांगेन ते प्रमाण.

आषाढातली गोष्ट. दुपारपासून पाऊस कोसळत होता, मागची खोली गळायला लागली होती, मी बादल्या लावत फिरत होते. बाईंना संध्याकाळचं इन्सुलिन देऊन झालं होतं. जेवणाआधी त्यांचा जरा डोळा लागला आणि मी त्यांना उठवायचं विसरले. आठवण झाली तेव्हा साडेसात झाले होते. त्या दिवसांत आमच्याकडे सूर्य सात वाजून दहा-अकरा मिनिटांनी मावळतो. धावत गेले. बाईंचं अंग घामानं भिजलेलं, हात थरथरत होते. साखर उतरत होती. मी खिचडीचं ताट पुढं केलं. त्यांनी घास हातात घेतला आणि थांबल्या.

"दिवस आहे का गं अजून?"

"आहे, बाई. ढगांमुळे अंधारून आलंय."

त्या जेवल्या, थरथर थांबली, झोपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माळ हातात घेऊन बसल्या होत्या. सहज म्हणाल्या, "काल अजान ऐकू नाही आली गं मला." मी म्हटलं, "पाऊस होता ना." त्यांनी मान हलवली. त्यांना कळलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

तुम्ही म्हणाल, यात चुकलं काय? जीव वाचवला. मीही स्वतःला तेच सांगत आले. आपल्या धर्मात तर खरं असूनही दुसऱ्याला पोळेल असं बोलू नये, असं स्पष्ट सांगितलं आहे. भाषासमिती म्हणजे जपून बोलणं, वचनगुप्ती म्हणजे वाणी आवरणं. मग सत्य लाख भागांतून एक भाग करून दिलं, तर ती सूर्यापुढची फिल्मच झाली की. डोळा भाजू नये म्हणून लावलेली.

पुढे मुलानं एक गंमत सांगितली, तेव्हा तर मला पळवाटच सापडली. क्षितिजाजवळ हवेमुळे प्रकाश वाकतो. त्यामुळे मावळता सूर्य आपल्याला खालच्या कडेनं टेकलेला दिसतो, तेव्हा तो प्रत्यक्षात पूर्ण खाली गेलेला असतो. आपल्याकडे हा फरक दोन-अडीच मिनिटांचा. मला वाटलं, म्हणजे निश्चय नयानं बघायचं तर आपण सगळेच रोज मावळलेल्या सूर्याच्या उजेडात शेवटचा घास घेतो. व्यवहार नयानं तो चालतो. मग माझी वीस मिनिटं तेवढी पाप कशी? अनेकांतवाद कशासाठी आहे?

चार दिवस मी या विचारानं सुखात होते. मग एका सकाळी गच्चीवर फिल्म बसवताना हात थांबला. ही फिल्म मी कुणाच्या डोळ्यापुढे लावतेय? माझ्या. मला माहीत आहे की ती लावली आहे. किती उजेड अडवला ते माहीत आहे, का अडवला तेही माहीत आहे. कागदावरच्या सूर्यास्तात हवेमुळे पडलेला फरक आहे, पण तो सगळ्यांना सारखा, उघड, ज्याला हवा त्याला मोजता येईल असा. बाईंच्या बाबतीत मी काय केलं? त्यांच्या डोळ्यापुढे पडदा लावला आणि तो आहे हे त्यांना कळू दिलं नाही. फिल्म उजेड अडवते ती दिसावं म्हणून. मी अडवला तो दिसू नये म्हणून. झाकणं दोन्हीकडे आहे, पण एक गाळणं आहे आणि दुसरं झाकण.

या फरकाचा विचार करताना मला एक विलायतेची बाई सापडली, आणि तीही आपल्याच मुलखात. 22 जानेवारी 1898 ला खग्रास सूर्यग्रहण होतं. कोकणच्या किनाऱ्यापासून विदर्भापर्यंत आणि पुढे त्याची सावली गेली. तेव्हा ॲनी माँडर नावाची ही बाई नवऱ्याबरोबर आणि हौशी खगोल अभ्यासकांच्या एका मंडळाबरोबर विदर्भात तळणीला आली होती, आमच्या भुसावळच्या पलीकडे, नागपूरच्या वाटेवर. पूर्वी ती ग्रिनिचच्या वेधशाळेत सूर्याच्या फोटोंवरचे डाग मोजायचं काम करायची. 1895 मध्ये लग्न झालं आणि नोकरी सोडावी लागली, कारण लग्न झालेल्या बाईला सरकारी नोकरीत ठेवत नसत. तळणीला ती आपला स्वतःचा छोटा कॅमेरा घेऊन आली, भिंग जेमतेम दीड इंचाचं. चंद्रानं सूर्य पुरता झाकला त्या सुमारे दोन मिनिटांत तिनं सूर्याच्या प्रभामंडळाचे फोटो घेतले. एका फोटोत सूर्यातून निघालेला प्रकाशाचा एक झोत जवळजवळ एक कोटी किलोमीटर लांब गेलेला दिसला. इतका लांब झोत तोवर कुणाच्याच फोटोत आला नव्हता.

तिच्या आयुष्यात दोन्ही तऱ्हांचं झाकणं आलं. चंद्रानं सूर्य झाकला आणि एरवी कधीच न दिसणारं तेज दिसलं. नोकरीच्या नियमानं तिला झाकलं, त्यात कुणालाच काही दिसलं नाही. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं बायकांना सभासद करून घ्यायला 1916 साल उजाडलं.

आता माझ्या पळवाटेचं दुसरं टोक. मी पच्चक्खाणाचे आगार नीट समजून घेतले. लहानपणापासून तोंडपाठ होते, अर्थ कधी विचारला नव्हता. पोरिसीच्या पच्चक्खाणात 'पच्छन्नकाल' असा एक आगार आहे. ढगांनी, धुळीनं, डोंगरानं सूर्य झाकला आणि वेळ कळली नाही, तर व्रताला बाध नाही. 'साहुवयण' म्हणून आणखी एक, साधूंच्या वचनावर भरवसा ठेवून वेळ मानली तर. आणि 'सव्वसमाहि' हा आगार तर संध्याकाळच्या चौविहारालाही आहे. जीवावरचं दुखणं आलं, मनाची समाधी राखायला औषध-अन्न घ्यावं लागलं, तर सवलत आहे. शास्त्रकारांना ढग ठाऊक होते, आजारपण ठाऊक होतं, आणि माणूस माणसाच्या शब्दावर अवलंबून असतो हेही ठाऊक होतं.

हे वाचून आधी हायसं वाटलं. बाईंनी माझ्या शब्दावर भरवसा ठेवला, त्यांचं व्रत शाबूत. मग लक्षात आलं, सवलत होतीच, तर मी खोटं का बोलले? मला म्हणता आलं असतं, "बाई, दिवस मावळलाय. तुमची साखर उतरलीय. आगार आहे. घास घ्या." कदाचित त्यांनी घेतला असता. कदाचित नवकार म्हणत पाच मिनिटं थांबल्या असत्या आणि त्या पाच मिनिटांत मी घाबरून गेले असते. पण ठरवणं त्यांचं होतं. साठ-सत्तर वर्षं ज्या बाईनं एक व्रत सांभाळलं, तिच्या व्रतातला सगळ्यात अवघड क्षण मी तिला न विचारता परस्पर उरकून टाकला.

आणि एक गोष्ट अजून खाली होती. "मावळलाय" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, "मग मला उठवलं का नाहीस?" माझ्या खोट्यात दया होती, ती मी नाकारत नाही. पण त्या दयेच्या पदराखाली माझं विसरणंही लपलं होतं. आपण दुसऱ्यासाठी म्हणून जे खोटं बोलतो, त्यात स्वतःसाठी किती असतं, हे एकदा पदर उचलून बघावं. मला तरी ते सोपं गेलं नाही.

त्या वर्षी संवत्सरीला मी बाईंच्या पाया पडले, "जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर मिच्छामि दुक्कडं" म्हटलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. बस्स. जाणतं कुठलं आणि अजाणतं कुठलं, हे मी सांगितलं नाही. क्षमा मागायचे शब्दसुद्धा झाकणासारखे वापरता येतात. पौषात बाई गेल्या.

फोटोंचंही असंच असतं, हे मला काम करता करता कळलं. मी एका वेळी हजारभर चित्रं घेते, कॉम्प्युटर त्यांतली सगळ्यात स्थिर शंभर निवडून एकावर एक रचतो. असा स्वच्छ सूर्य माझ्या डोळ्यांना कुठल्याही एका क्षणी दिसलेला नसतो. माझ्या फिल्ममधून तो पांढरा येतो. लोकांना केशरी आवडतो म्हणून कधी रंग भरते. हे खोटं आहे का? मी फोटोखाली लिहिते, हजारातली शंभर चित्रं, रंग मी दिलेला. लिहिलं की ते खोटं राहत नाही. न लिहिता पाठवलं तर तोच फोटो खोटा होतो.

वहीतही मी दोन नोंदी वेगळ्या ठेवते. ज्या दिवशी आकाश स्वच्छ असतं आणि सूर्यावर काही नसतं, त्या दिवशी लिहिते, 'डाग नाहीत.' ज्या दिवशी ढग असतात, त्या दिवशी लिहिते, 'पाहिलं नाही.' सुरुवातीला मी दोन्हीकडे शून्यच मांडायची. मुलगा म्हणाला, "आई, असं केलंस तर सगळ्या वहीचा भरवसा गेला." पाहिलं नाही त्या दिवशी डाग नव्हते असं म्हणायचा आपल्याला हक्क नाही. बाईंच्या त्या 'अजान ऐकू नाही आली' या वाक्यापुढे मी आता हेच लिहिते, पाहिलं नाही. त्यांना कळलं असेल आणि त्यांनी मला सांभाळून घेतलं असेल, असं मानायला फार गोड वाटतं. पण ती नोंद माझी नाही.

सूर्याच्या डागाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. तो काळा नसतो. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअस तापलेला, डाग त्याहून दीड-दोन हजार अंशांनी थंड, एवढाच फरक. भोवती तेज जास्त म्हणून तो काळा दिसतो. डाग तेवढा उचलून एकटाच आकाशात ठेवला, तर तोही लखलखेल. कुणी मला धीर द्यायला म्हणेल, बाईंची इतकी वर्षं सेवा केलीस, त्यात हा एवढासा ठिपका. खरं आहे. पण फोटो काढताना आपण डाग पुसत नाही. उलट त्याच्यावरूनच सूर्य फिरतो आहे हे कळतं.

मैत्रिणींनो, आपल्या घरात आंधळे, म्हातारे, आजारी, लहान असे कितीतरी जण आपल्या शब्दावर दिवस आणि रात्र ठरवत असतात. रिपोर्टात काय आलं, पैसे किती उरले, मुलगी का येत नाही, हे सगळं आपणच गाळून त्यांच्यापर्यंत पोचवतो. गाळावं लागतं, सगळा सूर्य कुणाच्याच डोळ्यांत ओतता येत नाही. मी माझ्यापुरतं एवढं ठरवलंय, की गाळते आहे हे समोरच्याला कळू द्यायचं. "थोडंसंच सांगते, बाकीचं तुम्ही विचाराल तेव्हा" एवढं म्हणायला धीर लागतो, पण त्यात समोरच्याच्या हातात काहीतरी उरतं.

आणि संवत्सरीला निदान एक चूक नाव घेऊन सांगायची. बाईंना सांगायचं राहिलं, म्हणून गेल्या संवत्सरीला मी ती माझ्या नवऱ्याला सांगितली. त्यांची आई होती ती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग दारामागच्या कागदाकडे बघून म्हणाले, "सहा वाजून गेलेत. जेवून घेऊ या, दिवस आहे अजून."